एकाच विहिरीवर दोन मोटा

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी किती जणांनी विहिरीवर चालणारी मोट प्रत्यक्ष पाहिली असेल? फारच थोड्यांनी. पण घरच्या आजोबांना विचारा. ती चामड्याची मोट, धावेवरून खाली उतरणारे बैल आणि थारोळ्यात धबाधबा पडणारे पाणी, हे सारे ते तुम्हांला रंगवून सांगतील. मोठ्या विहिरीवर दोन-दोन मोटा चालत. एकीचा नाडा तुटला तरी दुसरी चालू राही. पण विहीरच आटली तर? मग दोन काय आणि चार काय, थारोळे कोरडेच!

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. आपला बराचसा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. ‘पाण्याचा दुसरा मार्ग कोणता?’ हा प्रश्न इथे घर बांधण्याआधी विचारला जातो. आज मला हाच प्रश्न तुमच्या शाळेच्या इंटरनेटबद्दल विचारायचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत घडलेला प्रसंग सांगतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. शाळेने मोठ्या हौसेने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतली होती. ‘एक बंद पडली तर दुसरी आहे,’ असे मुख्याध्यापक पालकसभेत अभिमानाने सांगत. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रस्त्याच्या कडेला गटाराचे खोदकाम सुरू झाले आणि जेसीबीच्या एकाच फटक्यात दोन्ही जोडण्या मृत झाल्या. कारण काय? दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच चरातून, एकमेकींना चिकटून आल्या होत्या! लेखनिक कागदांची पिशवी घेऊन एस. टी. ने तालुक्याच्या गावी धावले. बहुतेक अर्ज गेले, पण दोन मुलींचे राहिले. त्यांना वर्षभर थांबावे लागले.

ही चूक कोणाची? कंपन्यांची म्हणता येईल, खोदणाऱ्याची म्हणता येईल. पण माझ्या मते खरी चूक समजुतीची होती. शाळेने दोन मोटा विकत घेतल्या. विहीर मात्र एकच होती.

आता जरा रेल्वेकडे वळू. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि तो आपल्या अहिल्यानगरवरून जातो. येथून मुंबईला जायचे तर दोन वाटा आहेत. एक उत्तरेकडून, मनमाड, इगतपुरी आणि थळ घाट उतरून. दुसरी दक्षिणेकडून, दौंड, पुणे आणि बोर घाट उतरून. २०१९ च्या पावसाळ्यात बोर घाटातील लोहमार्गाचे नुकसान झाले, तेव्हा लांब पल्ल्याच्या काही गाड्या दौंड-मनमाड मार्गे वळवण्यात आल्या होत्या. घाट बंद, पण गाडी चालू! याला म्हणतात पर्यायी मार्ग.

पण नकाशा नीट पाहा. थळ घाटाची वाट आणि बोर घाटाची वाट कल्याणला एकत्र येतात. कल्याणच्या पुढे बिघाड झाला, तर दोन्ही वाटा एकदमच निरुपयोगी होतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईचा लोहमार्ग ठप्प झाला, तेव्हा तुम्ही कोणत्या घाटाने आलात या प्रश्नाला काही अर्थच उरला नव्हता. तेव्हा पर्यायी मार्ग मोजताना फक्त निघण्याची ठिकाणे मोजू नयेत. ते मार्ग पुढे कोठे एकत्र येतात, हे आधी पाहावे.

इंटरनेटचा पायाच मुळी या विचारावर घातलेला आहे. अमेरिकेत पॉल बॅरन या अभियंत्याने १९६४ साली एक प्रश्न हाताळला. संदेशवहनाची काही ठाणी उद्ध्वस्त झाली, तरी उरलेली एकमेकांशी बोलत राहावीत, यासाठी जाळे कसे विणावे? त्याचे उत्तर असे, की सगळ्या तारा एका मध्यवर्ती ठाण्यात नेऊ नयेत. कोळ्याच्या जाळ्यापेक्षा मासे पकडण्याच्या जाळ्यासारखी रचना करावी, आणि संदेशाचे लहान लहान तुकडे करून जो मार्ग मोकळा असेल त्याने ते पाठवावेत. विशेष म्हणजे यासाठी अगणित तारा लागत नाहीत. सारी ठाणी जेमतेम जोडायला जितक्या तारा लागतील, त्याच्या तिपटी-चौपटीत जाळे पुष्कळच मजबूत होते, असे त्याने गणिताने दाखवले. १९६९ साली चार ठाण्यांचे ‘अर्पानेट’ सुरू झाले आणि त्यातूनच आजचे इंटरनेट वाढले. भारतात सामान्य ग्राहकांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

गंमत पाहा. जगभर पसरलेले हे जाळे मार्ग बदलण्यात इतके तरबेज, पण तुमच्या शाळेपर्यंत येणारी शेवटची तार मात्र बहुधा एकुलती एक! हजारो वाटांनी आलेली माहिती शेवटच्या फर्लांगावर एका लोंबत्या तारेवर अवलंबून राहते.

कोणी म्हणेल, ‘मग दुसरी जोडणी घेतली की झाले!’ नाही, झाले नाही. दोन जोडण्या असणे वेगळे आणि त्या वापरता येणे वेगळे. यासाठी शाळेतील एखादा जुना, अडगळीत पडलेला संगणक पुरेसा आहे. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली घालावी. हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. ती विनामूल्य मिळते आणि तिच्या पोटात काय चालते, ते कोणालाही उघडून पाहता येते. या संगणकाला जाळ्याच्या तारांसाठी तीन खोबणी हव्यात. एक शाळेच्या आतल्या जाळ्यासाठी, एक पहिल्या कंपनीसाठी आणि एक दुसऱ्या कंपनीसाठी. जादा खोबणीची कार्डे फार महाग नसतात. झाला आपला राउटर तयार!

राउटरचे काम जंक्शनवरच्या सांधेवाल्यासारखे. येणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, पत्ता पाहायचा आणि त्याला योग्य मार्गाला लावायचे. यासाठी त्याच्याजवळ एक तक्ता असतो. ‘या पत्त्यांसाठी हे दार, त्या पत्त्यांसाठी ते दार,’ अशा ओळी त्यात असतात. आणि एक ओळ महत्त्वाची असते: ‘बाकी साऱ्या जगासाठी हे दार.’ हिला डिफॉल्ट रूट म्हणतात. एकच जोडणी असेल तेव्हा हा तक्ता अगदी सोपा असतो. जोडण्या दोन झाल्या, की तीन अडचणी उभ्या राहतात. त्या तिन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण परतीच्या पत्त्याची. प्रत्येक कंपनी तुम्हांला स्वतःचा वेगळा पत्ता देते. समजा, पहिल्या कंपनीचा पत्ता लिहिलेले पॅकेट चुकून दुसऱ्या कंपनीच्या दाराने बाहेर पडले. दुसरी कंपनी म्हणते, ‘हा पत्ता माझ्या ग्राहकाचा नाही, कोणीतरी खोट्या नावाने पत्र टाकलेले दिसते!’ आणि दक्ष कंपनी असे पॅकेट सरळ फेकून देते. म्हणून लिनक्समध्ये एकाऐवजी दोन तक्ते करावे लागतात आणि त्यांच्यावर एक नियम लिहावा लागतो: ‘पाठवणाऱ्याचा पत्ता पहिल्या कंपनीचा असेल तर पहिला तक्ता पाहा, दुसरीचा असेल तर दुसरा.’ लिनक्सच्या गाभ्याची २.२ ही आवृत्ती जानेवारी १९९९ मध्ये निघाली, तेव्हापासून ही सोय तिच्यात आहे. तक्ते लिहिण्याची आज्ञा ‘आयपी रूट’ आणि नियम लिहिण्याची आज्ञा ‘आयपी रूल’. सारा खेळ या दोन आज्ञांचा आहे.

दुसरी अडचण वाटणीची. दोन्ही जोडण्या एकदम वापरायच्या असतील, तर तक्त्यात दोन दारे लिहून प्रत्येकाला वजन देता येते. एक जोडणी दुसरीच्या दुप्पट वेगाची असेल, तर वजने २ आणि १ अशी ठेवावीत. पण येथे एक गैरसमज टाळा. ५० मेगाबिटच्या दोन जोडण्या मिळून १०० मेगाबिटची एक जोडणी होत नाही. एखादा मोठा धडा उतरवून घेताना त्याची सारी पॅकेटे साधारणतः एकाच दाराने जातात. फायदा होतो तो गर्दीला. चाळीस विद्यार्थी एकदम बसले, तर काही या दाराने, काही त्या दाराने जातात. दोन बैलगाड्या जोडल्या म्हणून एका पोत्याचा प्रवास निम्म्या वेळात होत नाही. पण चाळीस पोती मात्र निम्म्या खेपांत पोचतात. तसेच हे.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. जोडणी मेली, हे राउटरला कळणार कसे? तार खोबणीतूनच निघाली तर ते त्याला लगेच कळते. पण बहुतेक वेळा बिघाड दूर कोठेतरी, दोन-चार कोसांवर असतो. शाळेतले मोडेम ठणठणीत असते, त्याच्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि राउटर बिचारा विश्वासाने पॅकेटे त्या दाराने पाठवत राहतो. ती पुढे खड्ड्यात पडतात! म्हणून एक छोटासा पहारेकरी कार्यक्रम लिहावा लागतो. त्याने दर काही सेकंदांनी प्रत्येक दारातून दूरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारायची. लागोपाठ तीन-चार हाकांना ओ आली नाही, तर त्या दारावर ‘बंद’ ही पाटी लावायची. पुन्हा ओ येऊ लागली, तरी लगेच दार उघडायचे नाही. थोडा वेळ खात्री करून घ्यायची. नाहीतर मिनिटाला चारदा इकडून तिकडे उड्या सुरू होतील आणि कोणाचेच काम होणार नाही. तीस-चाळीस ओळींचा हा कार्यक्रम नववी-दहावीतील विद्यार्थी लिहू शकतो, असे माझे ठाम मत आहे.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. दार बदलले की परतीचा पत्ता बदलतो. त्यामुळे त्या क्षणी चालू असलेली कामे तुटतात. अर्ज अर्धवट भरलेला असेल तर पुन्हा प्रवेश करावा लागू शकतो. मोठ्या संस्था स्वतःचे पत्ते घेऊन ‘बीजीपी’ नावाच्या पद्धतीने हे टाळतात. राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची ही पद्धत १९८९ मध्ये तयार झाली. शाळेला तिची गरज नाही. काम तुटून मिनिटाभरात पुन्हा सुरू होणे आणि दिवसभर बंद राहणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

आता थोडे गणित करू. समजा, एक जोडणी महिन्यातून शेकडा २ इतका वेळ बंद असते. महिन्याचे तास ७२०. म्हणजे सुमारे साडेचौदा तास बंद. तशीच दुसरी जोडणी घेतली आणि दोघींचे बिघाड एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असले, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता किती? पन्नासात एक गुणिले पन्नासात एक, म्हणजे अडीच हजारांत एक. ७२० तासांत फक्त सतरा मिनिटे! केवढा हा फरक!

पण थांबा. समजा, प्रत्येक जोडणीच्या बंद वेळेपैकी निम्मा वेळ दोघींना समाईक कारणांचा आहे. तोच चर, तोच खांब, तीच वीज. म्हणजे शेकडा १ इतका वेळ दोन्ही हमखास एकदम बंद. मग महिन्याला सुमारे सव्वासात तास दोन्ही बंद राहतील. सतरा मिनिटे कोठे आणि सव्वासात तास कोठे! पैसे तितकेच खर्च झाले. फरक पडला तो केवळ स्वातंत्र्याचा. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांतून निघणारा धडा खरा आहे. दुसऱ्या तारेची किंमत तिच्या वेगात नसून तिच्या वेगळेपणात आहे.

ही चूक फक्त आपल्या शाळाच करतात असे समजू नका. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबली तुटल्या. ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ ही त्यांची नावे. मालक वेगळे, बांधणी वेगळी, पण वाट तीच चिंचोळी. दोन्ही केबली पुढे मुंबईला येत असल्याने भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडत चालले. सप्टेंबर २०२५ मध्येही तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या आणि भारतातील ग्राहकांना तो मंदपणा जाणवला. युरोपकडे जाणाऱ्या अनेक केबलींचे ‘कल्याण’ तेथे आहे, असे म्हणा ना!

यावर शिक्षकमित्रांकडून दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. ‘शाळेला एकच जोडणी परवडत नाही, दोन कोठून आणू?’ माझे उत्तर असे: दुसरी जोडणी पहिलीइतकी मोठी असण्याची गरज नाही. जमिनीवरून येणारी फायबर असेल, तर दुसऱ्या कंपनीचे एक मोबाइल सिमकार्ड घालून चालणारे साधे डाँगल पुरे. ते हवेतून येते, जेसीबीला भेटत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, परीक्षेची माहिती यांना फार वेग लागत नाही. तास चुकला नाही म्हणजे झाले. अर्थात, गावोगाव उत्तर वेगळे येईल. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगांआड मोबाइलची लहर पोचणे कठीण. तेथे आधी कोणत्या खिडकीत किती लहर मिळते ते हिंडून पाहावे लागेल. शहरात लहर भरपूर, पण सगळ्या कंपन्यांच्या तारा एकाच खांबावर. म्हणून आपल्या गावचा नकाशा आपणच काढावा.

दुसरा आक्षेप असा: ‘दोन जोडण्या सांभाळणारे तयार यंत्र बाजारात मिळते, मग मुलांना या भानगडीत कशाला पाडता?’ यंत्र जरूर घ्या. पण त्याचा पहारेकरी दूरवर हाक मारतो, की फक्त खोबणीतला दिवा पाहून समाधान मानतो? हे ज्याला विचारता येत नाही, त्याला दुकानदार काहीही विकू शकतो. आणि शाळा हे शिकण्याचे ठिकाण आहे. संभाव्यतेचे गणित, नकाशावाचन, तर्कशुद्ध नियम लिहिणे, नोंदी ठेवणे, हे सारे एका जुन्या संगणकावर एकत्र शिकता येत असेल, तर ती भानगड नव्हे. तो उत्तम प्रयोग आहे.

मग करायचे काय? दुसरी जोडणी घेण्याआधी एक वही घ्या. जोडणी केव्हा बंद पडली, किती वेळ बंद होती, कारण काय निघाले, याची दोन महिने नोंद करा. वीज गेल्यामुळे निम्मे बिघाड होत असतील, तर दुसऱ्या कंपनीआधी मोडेमला आणि राउटरला इन्व्हर्टर हवा! नंतर तार कोठून येते ते पायी चालत पाहा. शाळेपासून पुढे तिचा माग काढा. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला वेग विचारण्याआधी ‘तुमची तार कोणत्या रस्त्याने येणार?’ हे विचारा.

सारे बसवून झाले, की महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मुख्य तार मुद्दाम काढा आणि दुसऱ्या जोडणीवर काम चालते का ते पाहा. सिमकार्डाची मुदत संपलेली असेल, तर ते त्याच दिवशी कळू द्या; अर्जाच्या शेवटच्या दिवशी नको. न तपासलेली राखीव व्यवस्था म्हणजे गंजलेला हातपंप. तो आहे याचे समाधान असते, पाणी मात्र नसते.

आणि शेवटची गोष्ट. जे रोज लागते ते घरातच साठवावे. पाठ्यपुस्तकांच्या प्रती, विश्वकोशाची उतरवून घेतलेली पाने, प्रयोगांची चित्रे शाळेच्याच संगणकावर ठेवली, तर दोन्ही तारा तुटल्या तरी वर्ग चालू राहील. नळ दोन असले, तरी शहाण्या घरात एक भरलेली घागर असतेच.

त्या दोन मुलींचे अर्ज राहिले, त्या दिवशी शाळेत पैशाची उणीव नव्हती, यंत्रांची नव्हती. ‘या दोन तारा येतात कोठून?’ एवढा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो उद्या सकाळी तुमच्या शाळेत तुम्ही विचारा. आणि उत्तर ऐकून गप्प बसू नका. बाहेर पडा, खांब मोजा, चर शोधा. विहिरी खरोखर दोन आहेत की मोटाच दोन आहेत, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.